दम्याच्या संशोधनासाठी माणसे कशी जोडावीत, आणि त्यांचे नमुने कसे सांभाळावेत?

प्रश्न : मी इंदूरची, सुदामानगरात राहते आणि शहरातील एका संस्थेच्या दमा-संशोधन प्रकल्पात समन्वयक म्हणून काम करते. दमा असलेल्या आणि नसलेल्या प्रौढ व्यक्तींचे रक्त, कफ आणि नाकातील पेशींचा नमुना घेऊन तो काही वर्षे जपून ठेवणे, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. माणसे मात्र मिळत नाहीत. 'आमच्यावर प्रयोग करणार का?' असे विचारून लोक उठून जातात. वरिष्ठांना मार्चपूर्वी संख्या पूर्ण हवी आहे. तपासण्या मोफत आणि वर रोख रक्कम, अशी जाहिरात करावी असे ते सुचवतात. माझ्या मावशीच्या भजनी मंडळातील पंधरा-वीस जणी माझ्यावरच्या मायेपोटी यायला तयार आहेत. मावसबहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलाला दमा आहे, त्यालाही यायचे आहे. त्यांना घ्यावे का? दुसरी गोष्ट मनाला अधिक टोचते. गेल्या महिन्यात रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, आणि सकाळी मी पोहोचले तेव्हा उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर उणे ५२ असा आकडा होता. 'आता पुन्हा थंड झाला आहे, वहीत लिहू नका', असे मला सांगण्यात आले. मी काय करावे?

उत्तर : फ्रीझरची नोंद आजच करा. माणसे मिळवायला अजून अवधी आहे. त्या रात्रीचे तपशील मात्र दिवसागणिक पुसट होत जातील, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. नोंद करताना मागची तारीख टाकू नका. आजची तारीख घाला, 'ही नोंद उशिरा करीत आहे' असे स्पष्ट म्हणा, आणि तुम्ही स्वतः पाहिले तेवढेच लिहा : किती वाजता पोहोचलात, पडद्यावर कोणता आकडा होता, दार नीट बंद होते की नव्हते, आत कोणकोणते रॅक होते, आणि तापमान पुन्हा उणे ८० वर कधी आले. वीज केव्हा गेली आणि केव्हा आली हे चौकीदाराच्या रजिस्टरवरून किंवा वीज कंपनीकडून कळू शकेल. जिथे अंदाज असेल तिथे तो अंदाज आहे, असे नमूद करा.

एक गोष्ट विशेषकरून तपासा. उणे ५२ हा तुम्ही सकाळी पाहिलेला आकडा आहे. त्या रात्री तापमान सर्वांत जास्त किती चढले हे त्यावरून कळत नाही. वीज पहाटे आली असेल, तर तापमान त्याहून बरेच वर जाऊन पुन्हा उतरू लागले असण्याची शक्यता आहे. अनेक फ्रीझरच्या नियंत्रकात किंवा आत ठेवलेल्या डेटा लॉगरमध्ये तापमानाचा इतिहास साठवलेला असतो. नव्या नोंदींखाली जुन्या पुसल्या जाण्यापूर्वी तो उतरवून घ्या. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर एकाच ठिकाणी असतो आणि दाराजवळचे खण आतल्या खणांच्या आधी तापतात, त्यामुळे एका आकड्यावरून सगळ्या रॅकचा हिशेब मांडता येत नाही.

नमुने वाया गेले का, ही तुमची खरी धास्ती असावी. सरसकट तसे म्हणता येणार नाही. उणे ५२ अंशांना सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला द्रव, वितळत नाही, आणि त्यातील आयजीई हे ॲलर्जीशी संबंधित प्रथिन बऱ्यापैकी टिकाऊ आहे. रक्तातून वेगळा केलेला डीएनएही अशा एका रात्रीने बिघडत नाही. काळजी आहे ती आरएनए या सहज तुटणाऱ्या रेणूची, म्हणजे तो ज्यांतून काढायचा त्या नाकातील पेशींच्या नमुन्यांची. ते संरक्षक द्रावणात न घालता तसेच गोठवलेले असतील, तर त्यांच्याकडे संशयाने पाहावे लागेल. त्यांतील काही नमुने वेगवेगळ्या खणांतून निवडून आरएनएची अखंडता तपासून घ्या आणि मगच निर्णय करा. तोवर काहीही फेकू नका. त्या रात्री आत असलेल्या प्रत्येक ट्यूबच्या संकेतांकापुढे यादीत खूण तेवढी करा.

'वहीत लिहू नका' हा सल्ला मला अतिशय घातक वाटतो, आणि त्याचे कारण प्रयोगशाळेच्या शिस्तीपुरते नाही. समजा, वरच्या दोन रॅकमध्ये दम्याच्या रुग्णांचे नमुने होते आणि खालच्या दोनमध्ये निरोगी व्यक्तींचे. वरचे अधिक तापले. पाच वर्षांनी एखादा संशोधक त्या ट्यूब उघडेल आणि त्याला दोन्ही गटांत स्पष्ट फरक दिसेल. तो फरक दम्याचा नसेल, एका रात्रीच्या विजेचा असेल, आणि नोंदच नसल्यामुळे हे त्याला कधीही कळणार नाही. म्हणूनच दोन्ही गटांच्या ट्यूब पहिल्यापासून एकाच डब्यात आलटून-पालटून ठेवाव्यात, आणि प्रत्येक नमुन्याचे लहान लहान भाग करून ते दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, शक्यतो वेगळ्या वीजजोडणीवर, विभागून ठेवावेत. जनरेटर दर आठवड्याला खराखुरा भार देऊन चालवून पाहा. धोक्याची घंटा रिकाम्या खोलीत वाजून उपयोग नाही, ती कोणाच्या तरी मोबाइलवर वाजली पाहिजे, आणि आज रात्री तो मोबाइल कोणाचा, हे भिंतीवर लिहिलेले असले पाहिजे. वीज गेलेली असताना कोणीही 'जरा बघू' म्हणून दार उघडू नये. बंद आणि भरलेला फ्रीझर काही तास थंडी धरून ठेवतो.

ही हकीकत प्रमुख संशोधकांना लेखी कळवा आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीकडे, जाईल अशी विनंती करा. तुमच्यावर दबाव आला, तर कमिटीच्या सदस्य-सचिवांशी तुम्ही थेट संपर्क साधू शकता. त्यांचा दूरध्वनी शोधावा लागणार नाही. सहभागी व्यक्तींना तुम्ही जे माहितीपत्रक देता, त्यावर तो असतो.

आता माणसांविषयी. इंदुरातले लोक 'प्रयोग करणार का?' असे विचारतात, यात त्यांचे अज्ञान आहे असे कृपा करून समजू नका. याच शहरात औषधचाचण्यांवरून मोठा वाद झाला. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०१३ मध्ये न्यायालयाच्या निर्देशांनंतर चाचण्यांतील संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची अट देशभर आली. पुढे २०१५ मध्ये ती अट असुरक्षित गटांतील व्यक्तींवर होणाऱ्या नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांपुरती राहिली, आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. ज्या शहराने हे सारे वर्तमानपत्रांत रोज वाचले, तिथला माणूस सावध असणारच. त्याचा प्रश्न टाळू नका. 'होय, इथे तसे झाल्याचे आरोप होते, त्यावरून न्यायालयात प्रकरण गेले, आणि आज तुम्हाला हा कागद घरी नेऊन वाचायचा अधिकार आहे', इतके सरळ बोला. मग तुमचे काम सांगा : हे नव्या औषधाचे काम नाही, कोणतीही गोळी दिली जाणार नाही, दहा मिलिलिटर म्हणजे चहाचे दोन चमचे रक्त घेतले जाईल, खारट पाण्याची वाफ देऊन कफ काढला जाईल आणि त्याने काही वेळ खोकला येऊ शकतो, छाती भरल्यासारखी वाटू शकते. यातून तुमचा दमा बरा होणार नाही, हेही सांगा. उपचार मिळतील या समजुतीने आलेला माणूस पहिल्या भेटीनंतर परत येत नाही, आणि चार ठिकाणी 'फसवले' असे सांगतो. त्याचे ते म्हणणे खोटेही नसते.

माहितीपत्रक मराठीत आणि हिंदीत हवे. बोलताना मात्र समोरची व्यक्ती माळवी बोलत असेल, तर माळवी समजणारे कोणी बरोबर ठेवा. सगळे समजावून झाल्यावर 'कळले ना?' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला आपल्याकडे कोणीच नाही म्हणत नाही. 'घरी जाऊन यजमानांना काय सांगाल?' असे विचारा, आणि ऐका. एखादी बाई म्हणेल, 'कफ तपासून दमा कशाने होतो ते बघणार आहेत, आणि मला पंप बंद करायचा आहे.' इथे तुम्हाला थांबावे लागेल. स्पायरोमेट्रीपूर्वी, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजण्यापूर्वी, चार तास तातडीचा पंप घेऊ नये, एवढीच तुमची सूचना होती; तिच्या मनात ती 'पंप बंद' अशी पोहोचली. रोजचा पंप चालूच ठेवायचा, त्या चार तासांत श्वास लागला तर तातडीचा पंपही लगेच घ्यायचा आणि तपासणीला दुसऱ्या दिवशी यायचे, हे तिच्याकडून पुन्हा वदवून घ्या आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती तुमच्या चमूबाहेरील तटस्थ साक्षीदारासमोर घ्यावी लागते आणि संमतीपत्राची प्रत त्या व्यक्तीला द्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही प्रत फाइलमध्येच राहते. तुमच्याकडे तसे होऊ देऊ नका.

पैशांबाबत थोडक्यात : येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज देणे न्याय्यच आहे, मात्र ती रक्कम एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असावी आणि जाहिरातीचा मथळा नसावी. जाहिरातीचा मजकूरही कमिटीपुढे जावा लागतो.

मावशींच्या भजनी मंडळाविषयी तुम्ही विचारले, याचे मला फार बरे वाटले, कारण त्यांची नावे गुपचूप लिहून टाकणे सोपे होते. माया हाही एक दबावच असतो. 'पोरीचे काम अडते आहे' म्हणून हात पुढे करणाऱ्या काकूंना सुई पाहून नको वाटले, तरी त्या तुमच्यासमोर तसे म्हणणार नाहीत. त्यांना मनाई करण्याचे कारण नाही. माहितीपत्रके मंडळात ठेवा, तुमच्या सहकाऱ्याचा क्रमांक द्या, संमतीची बोलणी त्या सहकाऱ्यानेच करावीत, आणि कोण आले व कोण आले नाही हे तुम्ही मावशींनाही विचारू नये. संशोधनाच्या दृष्टीनेही एक अडचण आहे : एकाच वस्तीतल्या, साधारण एकाच वयाच्या पंधरा-वीस स्त्रिया निरोगी गटात गेल्या आणि रुग्ण मात्र सगळ्या शहरातून आले, तर तुलना कशाची होणार? आणि 'मला काही त्रास नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकीची स्पायरोमेट्री करावीच लागेल. तुमच्या संस्थेतील कनिष्ठ कर्मचारी आणि विद्यार्थी यांनाही हीच काळजी लागू पडते.

मुलाला घेऊ नका. तुमच्या प्रकल्पाला प्रौढांपुरती मंजुरी आहे. मुलांसाठीचा प्रकल्प कधी मंजूर झाला, तर पालकांच्या संमतीबरोबर बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची लेखी सहमती लागते, इतके त्याच्या आईला सांगून ठेवा.

रुग्ण शोधायला छातीच्या डॉक्टरांचे दवाखाने ही सरळ वाट आहे, मात्र तेवढ्यावर थांबू नका. माळव्यातला दमा नुसत्या दवाखान्यात बसून कळणार नाही. सोयाबीनचेच पाहा. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अचानक एकाच दिवशी शेकडो लोकांना नव्हे, तरी आपत्कालीन कक्ष भरून जावा इतक्या लोकांना दम्याचे झटके येत. त्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवले जात असे आणि कोठारांतून धूळ उडत असे, असा संबंध पुढे उघड झाला. त्या रुग्णांच्या सीरममध्ये सोयाबीनविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे सापडली, आणि हा पुरावा निर्णायक ठरला. कोठारांना धूळ अडवणारे फिल्टर बसवल्यावर साथी थांबल्या. ज्या प्रदेशात सोयाबीनची मळणी, मंडी आणि गिरण्या आहेत, तिथल्या हमालाच्या किंवा मळणीयंत्रावरच्या मजुराच्या सीरमची एक ट्यूब किती मोलाची आहे, हे यावरून लक्षात येईल. म्हणून प्रत्येकाचा व्यवसाय नीट विचारा. 'मजुरी' असा एक शब्द लिहून पुढे जाऊ नका. कापड गिरण्यांतून काम केलेल्या वृद्धांची धाप कापसाच्या धुळीने किंवा विडीनेही असू शकते. औषधाचा पंप दिल्यावर फुंकरीतील एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढते का, हे पाहूनच त्यांना कोणत्या गटात घ्यायचे ते ठरेल.

विचारायची आणखी एक गोष्ट म्हणजे इतर औषधे. शरद पौर्णिमेच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा आपल्या भागात आहे, आणि पुडीतली औषधेही पुष्कळ जण घेतात. टोमणा न मारता विचारलेत तर लोक सांगतात. नाव-गाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असेल, तर रक्तातील इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घटतात आणि तुमचा आकडा चुकतो. उलट पोटात जंत असले किंवा हत्तीरोगाच्या जंतूंचा संसर्ग असला, तर इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वाढतात. या पेशींची संख्या दिवसाच्या वेळेनुसारही बदलते, तेव्हा रक्त घेतल्याची वेळ लिहिलीच पाहिजे, आणि शक्य तर सर्वांचे रक्त सकाळच्या ठरावीक वेळातच घ्यावे.

लग्नाच्या वयाच्या मुलींचा दमा घरचे लपवतात. अशा मुलीला फोन करताना तो दुसऱ्याने उचलला, तर संस्थेचे नाव आणि कामाचे स्वरूप सांगू नका. कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या वेळी फोन करावा, हे पहिल्याच भेटीत तिला विचारून ठेवा.

कफाच्या नमुन्याबाबत सावधगिरी दोन्हीकडून हवी. वाफ देण्यापूर्वी सॅल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळे करणारे औषध, प्रत्येक टप्प्यानंतर फुंकर मोजणे, आणि एफईव्ही-१ वीस टक्क्यांनी घटताच थांबणे, हे नियम डॉक्टर हजर असतानाच पाळता येतात. डॉक्टर नसतील त्या दिवशी वाफ देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाची आधी क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी. हवा खेळती नसलेल्या खोलीत संशयित क्षयरुग्णाला खोकायला लावणे, म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांना आणि पुढच्या सहभागी व्यक्तीला धोक्यात घालणे आहे. कफ मिळाल्यापासून दोन तासांच्या आत त्यावर प्रक्रिया झाली पाहिजे, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर कोणाला बोलावू नका. रक्ताच्या ट्यूबवर लेबल लावायचे ते त्या व्यक्तीसमोरच, तिचे नाव तिच्याच तोंडून ऐकून. साध्या पेनाची शाई स्पिरिटने पुसली जाते, आणि उणे ८० मध्ये साधे लेबल गळून पडते. गोठणाऱ्या ट्यूबसाठीची लेबले वेगळी मिळतात. नाव आणि संकेतांक जोडणारी यादी फ्रीझरच्या खोलीत ठेवू नये, ती वेगळ्या कुलपात असावी.

या सर्व नमुन्यांचा मालक कोण, हे तुमच्या वरिष्ठांशी बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल. आयसीएमआरची तत्त्वे स्पष्ट सांगतात की नमुना आणि त्यासोबतची माहिती सहभागी व्यक्तीची असते. संस्था केवळ विश्वस्त असते. त्या काकूंनी वर्षभराने कळवले की माझे रक्त काढून टाका, तर संकेतांकावरून त्यांची प्रत्येक ट्यूब शोधून नष्ट करता आली पाहिजे. याच कारणाने पुढच्या एखाद्या अभ्यासासाठी नमुना वापरायचा असेल, आनुवंशिक तपासणी करायची असेल किंवा तो परदेशी पाठवायचा असेल, तर संमतीपत्रात या प्रत्येक गोष्टीपुढे वेगळी 'हो' आणि 'नाही' अशी जागा ठेवा. परदेशी प्रयोगशाळेबरोबरच्या कामाला एथिक्स कमिटीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. आणि फ्रीझरमधील बिघाड दडवणे, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे नुकसान मालकापासून लपवणे होय. हे वाक्य तुम्ही वरिष्ठांसमोर शांतपणे उच्चारू शकता.

राहिली मार्चची मुदत. एक साधे रजिस्टर आजपासून सुरू करा : किती जणांशी बोललात, किती निकषात बसले नाहीत, किती जणांनी नकार दिला आणि त्यांनी सांगितलेले कारण, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, नावाशिवाय. निधी देणाऱ्यांकडे मुदतवाढ मागताना 'लोक येत नाहीत' हे विधान चालत नाही. हे रजिस्टर चालते. दिवाळीच्या धुरानंतरचे, पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलते तेव्हाचे आणि उन्हाळ्यातले रुग्ण वेगवेगळे असतात, त्यामुळे सगळी संख्या हिवाळ्याच्या तीन महिन्यांत उरकण्यापेक्षा वर्षभरात विभागणे शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे, हा मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात घाला आणि त्यावर प्रमुख संशोधकांची सही घ्या. मुदत वाढली, तर एथिक्स कमिटीची मंजुरीही त्या तारखेपर्यंत वाढवून घ्यावी लागेल; तो अर्ज फ्रीझरच्या अहवालासोबतच पाठवता येईल.